अर्धवट काम पुढच्या शॉपला

आपल्या सभासदांपैकी विमानात बसलेले थोडे आणि विमानाच्या कारखान्यात पाऊल टाकलेले त्याहून थोडे. तेव्हा रेल्वे व टपाल कामगारांच्या या मराठी विभागात विमानाच्या पोटातल्या वायरिंगवर लेख कशाला, असा प्रश्न काही बंधू-भगिनी विचारतील. प्रश्न रास्त आहे. काम अर्धवट ठेवून पुढच्या हातात द्यायचे, नोंद मागाहून करायची आणि काही घडले की शेवटच्या माणसाची मान धरायची, ही रीत आपल्याच खात्यात आहे असे आपण समजतो. जगातल्या सर्वात प्रगत म्हणवणाऱ्या कारखान्यांतही ती आहे, आणि तिथे तिची काय किंमत मोजावी लागली हे आता चौकशी अहवालांतून छापून आले आहे. शिवाय ते काम आता आपल्या देशातही येत आहे. म्हणून हा लेख.

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत शेल आणि फर्निशिंग असे दोन भाग आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. आधी डब्याचा सांगाडा तयार होतो, मग त्यात वायरिंग, पाण्याचे पाइप, पंखे, दिवे, आसने बसतात. विमानाचेही मुळात तसेच आहे. धडाचे मोठमोठे खंड तयार होतात, ते एकमेकांना जोडले जातात, आणि त्यांच्या आत विजेच्या वायरी, हायड्रॉलिकच्या नळ्या, हवेचे डक्ट, ऑक्सिजन, पाणी, शौचालय अशा सगळ्या यंत्रणा बसवल्या जातात. फरक आहे तो दाटीचा. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या वायरी होत्या. मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या रेल्वेमार्गापेक्षाही हे अंतर जास्त भरते, आणि हे सारे एका विमानात!

या वायरी एकेक करून ओढत नाहीत. लांब टेबलावर त्यांचे जुडगे बांधतात, टोकांना कनेक्टर लावतात, प्रत्येक वायरीला नंबर देतात. या जुडग्याला कारखान्यात लूम किंवा हार्नेस म्हणतात. मग ते विमानात नेऊन क्लॅम्पने बसवायचे. बसवताना वायर ठरावीक मर्यादेपलीकडे वाकवायची नाही, धातूच्या धारेला घासू द्यायची नाही, काही जुडगी एकमेकांपासून दूर ठेवायची, जवळ कुठे ड्रिल मारले तर धातूचा किस जुडग्यात पडू द्यायचा नाही. आज घासलेली वायर उद्या लगेच जळत नाही. दहा-पंधरा वर्षांनी जळते, आणि तेव्हा बसवणारा निवृत्त झालेला असतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळून २२९ माणसे गेली. छताच्या आत लागलेली आग विजेच्या ठिणगीपासून सुरू झाली, आणि प्रवाशांच्या करमणुकीसाठी मागाहून बसवलेल्या यंत्रणेच्या वायरीशी तिचा संबंध असावा, असा तेथील तपास मंडळाचा निष्कर्ष होता.

आता हे काम करणाऱ्या माणसाकडे बघा. धड जोडून पूर्ण झाले की आत जागा उरत नाही. फिटर पाठीवर झोपून, मान वाकडी करून, हात डोक्यावर धरून, एका हातात दिवा आणि एका हातात पाना घेऊन काम करतो. त्याच जागेत पाइपवाला, इन्सुलेशनवाला आणि तपासनीस आपापली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात. माटुंगा किंवा लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये डब्याच्या खाली हात घालून ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे वर्णन करून सांगायला नको.

म्हणून व्यवस्थापनांनी एक तोडगा काढला, आणि तो मुळात चुकीचा नाही हे मी आधीच सांगून टाकतो. तोडगा असा की, धडाचा खंड उघडा असतानाच, म्हणजे दोन्ही टोकांनी आत जाता येते, उभे राहून काम करता येते, प्रकाश भरपूर असतो तेव्हाच, त्यातल्या सगळ्या यंत्रणा बसवाव्यात, तपासाव्यात आणि भरलेला खंड शेवटच्या जोडणीला पाठवावा. तिथे फक्त खंड जोडायचे आणि वायरींचे कनेक्टर एकमेकांत बसवायचे. आपल्या चळवळीतील काही जुनी मंडळी अशा बदलाला सरसकट विरोध करतात, 'शेवटच्या शॉपमधली माणसे कमी होतील' म्हणून. भीती खोटी नाही. पण कामगाराची मान आणि कंबर वाचत असेल, आणि काम अधिक नीट होत असेल, तर त्या पद्धतीला विरोध करणे मला पटत नाही. विरोध करायचा तो ही पद्धत ज्या तऱ्हेने राबवली गेली तिला.

ती कशी राबवली गेली? प्रथम ए-३८० चे पाहू. त्याच्या धडाचे पुढचे व मागचे खंड जर्मनीत हॅम्बुर्गला भरले जात आणि फ्रान्समध्ये तुलूझला जोडले जात. दोन्हीकडे नकाशे संगणकावर काढले जात होते. पण हॅम्बुर्गला संगणकाची जुनी प्रणाली, तुलूझला नवी. दोहोंचे एकमेकांशी धड जुळत नव्हते. त्यात तांब्याऐवजी अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या वायरी घेतल्या होत्या आणि त्या वाकवण्याचे नियम वेगळे. परिणाम असा की तुलूझच्या हॉलमध्ये जुडगी लावायला घेतली तेव्हा वायरी आखूड पडू लागल्या. काही सेंटिमीटरच, पण आखूड वायर ती आखूडच. जर्मनीहून शेकडो कामगार तुलूझला आणून, हॉटेलांत ठेवून, विमानांतली वायरिंग हाताने काढून पुन्हा बसवावी लागली. विमान सुमारे दोन वर्षे रखडले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये स्वतःच सांगितले की पुढच्या काही वर्षांत नफ्याला सुमारे ४८० कोटी युरोंची खोट बसेल.

आणि ही खोट कोणी भरून काढायची? २००६ च्या जुलैमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी दोघांनी राजीनामे दिले, हे खरे. पण फेब्रुवारी २००७ मध्ये 'पॉवर-८' नावाची योजना आली तिच्यात १०,००० नोकऱ्या कमी करायच्या होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या तात्पुरत्या व ठेकेदारांच्या कामगारांच्या. संगणकाची प्रणाली कोणती घ्यायची हे त्या कामगारांना कोणी विचारले नव्हते. हॅम्बुर्गच्या टेबलावर जुडगे बांधणाऱ्याला तुलूझच्या हॉलमध्ये ते कसे बसते हे पाहायला आधी पाठवले असते तर? एका माणसाच्या रेल्वेभाड्यात हा दोष कळला असता, असे मी म्हणणार नाही. पण दोन वर्षे आधी तरी कळला असता.

बोइंगने याहून पुढची उडी मारली. ७८७ या विमानाचे पंख जपानमध्ये, धडाचे खंड जपान, इटली आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या पुरवठादारांकडे. प्रत्येकाने आपला खंड यंत्रणांसह भरून पाठवायचा आणि एव्हरेटच्या कारखान्यात तीन दिवसांत विमान जोडायचे, असा बेत. आउटसोर्सिंगबद्दल कंपनीच्याच एका ज्येष्ठ अभियंत्याने, जॉन हार्ट-स्मिथ यांनी, २००१ साली एका निबंधात बजावले होते की काम बाहेर दिले की नफाही बाहेर जातो, आणि बाहेरून आलेल्या भागांची जुळणी व डागडुजी करण्याचा खर्च मात्र घरीच राहतो. कोणी ऐकले नाही. ८ जुलै २००७ रोजी मोठ्या समारंभाने पहिले विमान हॉलबाहेर आणले. ते आतून जवळजवळ रिकामे होते आणि अनेक ठिकाणी तात्पुरत्या फास्टनरवर उभे होते! पुरवठादारांनी खंड भरलेच नव्हते. जे काम त्यांच्याकडे व्हायचे ते एव्हरेटच्या कामगारांच्या अंगावर आले, आणि सोबत पूर्ण कागदही नव्हते, म्हणजे कुठले झाले आणि कुठले राहिले हेच आधी शोधा. विमानाने पहिले उड्डाण केले ते १५ डिसेंबर २००९ ला, आणि पहिल्या ग्राहकाला ते मिळाले सप्टेंबर २०११ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिराने. मधल्या काळात, २००८ च्या शरद ऋतूत, तेथील मशिनिस्ट युनियनने जवळजवळ दोन महिने संप केला. ठेक्यावर काम बाहेर देण्यावर मर्यादा हवी, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना अडवणूक करणारे म्हटले. पुढच्याच वर्षी कंपनीने साउथ कॅरोलायनातील एका पुरवठादाराचा कारखाना स्वतःच विकत घेऊन टाकला.

अशा उरलेल्या कामाला त्या कारखान्यांत 'ट्रॅव्हल्ड वर्क' म्हणतात, म्हणजे आपल्या जागी न होता पुढे प्रवास करत गेलेले काम. शब्द मोठा सभ्य आहे. आपल्याकडे याला 'पुढच्यावर ढकलणे' म्हणतात.

५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सचे ७३७ मॅक्स विमान पोर्टलंडहून १७७ माणसांना घेऊन निघाले. सुमारे १६,००० फुटांवर त्याच्या भिंतीचा एक तुकडा उडून गेला. जादा दार नको असेल तिथे दाराच्या जागी जे झाकण बसवतात ते हे. सुदैवाने त्याच्या शेजारच्या दोन आसनांवर कोणी बसलेले नव्हते आणि एकही प्राण गेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शोधले ते असे. धड पुरवठादाराकडून रेंटनच्या कारखान्यात आले तेव्हा त्या झाकणाजवळ पाच रिव्हेट खराब होते. ते दुरुस्त करायचे तर झाकण उघडायला हवे, आणि ते वर सरकू नये म्हणून लावलेले चार बोल्ट काढायला हवेत. सप्टेंबर २०२३ मध्ये झाकण उघडले गेले, रिव्हेट बदलले गेले, झाकण बंद झाले. पण झाकण उघडल्याची नोंदच झाली नाही. नोंद नाही म्हणून बंद करतानाची तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून चार बोल्ट परत बसले नाहीत हे कोणाच्या लक्षात आले नाही. आतले अस्तर लावण्याविषयी कामगारांनी एकमेकांना पाठवलेल्या संदेशात त्या जागेचे एक छायाचित्र होते. त्यात तीन जागी बोल्ट नाहीत हे स्पष्ट दिसते. चौथी जागा इन्सुलेशनखाली झाकलेली आहे. फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते ते, पण तो बोल्ट पाहायला गेलाच नव्हता! मंडळाने जून २०२५ मध्ये आपला निष्कर्ष दिला तेव्हा हेही सांगितले की दारांचे काम करणाऱ्या २४ जणांच्या गटात असे झाकण पूर्वी उघडलेला माणूस एकच होता आणि तो त्या वेळी रजेवर होता. दोष मंडळाने एखाद्या पानेवाल्यावर ठेवला नाही. पुरेसे शिक्षण, सूचना आणि देखरेख न पुरवल्याबद्दल कंपनीवर ठेवला.

आरएमएसच्या डब्यात ज्यांनी रात्री काढल्या आहेत ते हे वाचून हसतील. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पण त्याची शिस्त त्यांच्या हाडांत आहे. रजिस्टर पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात यादीवर सही झाल्याशिवाय जात नसे. चार आण्यांचे पाकीट असो, सही हवी. आणि कोट्यवधी डॉलरच्या विमानाचे झाकण उघडले-मिटले, सही कोणाची नाही.

सिग्नल खात्यातल्या आम्हा लोकांना तर याची ओळख फारच जवळची. चालू गिअरला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला डिसकनेक्शन मेमो द्यायचा, त्याने तो स्वीकारायचा, काम झाले की तपासून रिकनेक्शन द्यायचे. नियम पक्का आहे. पण मी नोकरीत असताना किती वेळा ऐकले आहे, 'गाडी तोंडावर आहे, आधी कर, मेमो मागून दे.' एकदा एका जंक्शनवर मीही तसे केले आहे. काही झाले नाही. झाले नाही म्हणूनच पुढच्या वेळी ते म्हणणे सोपे गेले. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनीवर उभ्या मालगाडीवर गेली आणि २९० हून अधिक माणसे मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले की पूर्वी केव्हातरी सर्किटमध्ये केलेला बदल आणि त्या दिवशी लेव्हल क्रॉसिंगच्या बॅरियरसाठी चाललेले काम, या दोहोंतल्या चुकांमुळे सिग्नल चुकीचा पडला. खोक्यातल्या वायरींवरची नावे प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नव्हती. नकाशा एक, वायर दुसरी. हॅम्बुर्ग आणि तुलूझचेही तेच. बालासोरमध्ये सिग्नल खात्याच्या तिघांना अटक झाली. ज्याची चूक असेल त्याला शिक्षा व्हावी, त्याची वकिली मी करणार नाही. पण चुकीची नावे वर्षानुवर्षे खोक्यात तशीच राहू देणाऱ्या वरच्या साखळीचे काय?

आता आपल्या देशाकडे. ओझरच्या एचएएल कारखान्याशी नाशिकच्या कितीतरी कुटुंबांचा संबंध १९६४ पासून आहे. तिथे मिग झाली, सुखोई झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या जुळणीच्या लाइनचे उद्घाटनही झाले. हैदराबादला टाटा आणि बोइंगच्या कारखान्यात अपाचे हेलिकॉप्टरची धडे आणि ७३७ च्या शेपटीचा उभा भाग तयार होतो. वडोदऱ्याला सी-२९५ या मालवाहू विमानाच्या जुळणीचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला. करारातील ५६ पैकी ४० विमाने तिथे व्हायची आहेत. म्हणजे सिएटलच्या कामगाराने ज्या 'दूरच्या पुरवठादारा'विरुद्ध संप केला, तो पुरवठादार आता आपण आहोत. ही अडचणीची गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिकडचा कामगार काम परत मागेल, इकडचा कामगार ते धरून ठेवील, आणि दोघांना भांडायला लावून तिसरा मोकळा राहील.

माझे मत असे की भांडण कोणत्या देशात काम होते याचे नाही, ते कसे पुढे पाठवले जाते याचे आहे. हैदराबादचा फिटर एव्हरेटच्या फिटरइतकेच चांगले काम करू शकतो. पण महिन्याचा आकडा भरण्यासाठी अर्धवट खंड ट्रकवर चढवायला लावला, तर तो पुढच्या कामगाराच्या जिवावर उठतो. तेव्हा दोन्हीकडच्या युनियनांची मागणी एकच असायला हवी: यंत्रणा बसवून, वायरीची टोकाटोकाला तपासणी होऊन, त्या कागदावर सही झाल्याखेरीज खंड दाराबाहेर जाणार नाही, आणि 'काम राहिले आहे' असे लिहिणाऱ्याची बदली होणार नाही. नवीन नकाशा आला की तो बसवणाऱ्याला आधी दाखवायचा आणि त्याने 'इथे हात पोचत नाही' म्हटले तर ते नोंदवायचे. उघडलेले प्रत्येक झाकण, काढलेला प्रत्येक क्लॅम्प लिहायचा, आणि लिहिण्यासाठी वेळ पाळीतच धरायचा, पाळी सुटल्यावर नाही. हा शेवटचा मुद्दा व्यवस्थापनाला सर्वात महाग वाटतो. इंग्लंडमध्ये १२ डिसेंबर १९८८ रोजी क्लॅपहॅम जंक्शनला ३५ माणसे मेली. सिग्नल बदलताना जुनी वायर कापून बाजूला न केल्यामुळे ती रिलेला चिकटली होती. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती.

यात यंत्रांना विरोध नाही. जुडग्याची विजेरी तपासणी यंत्राने होते ती माणसापेक्षा चांगली होते. बोल्टला किती ताण दिला हे आपोआप नोंदवणारे पाने आहेत, ते यावेत. फक्त त्या नोंदी कामगाराला चोर ठरवण्यासाठी वापरू नयेत. २०१९ साली अमेरिकी हवाई दलाने बोइंगची नवी टँकर विमाने घेणे काही काळ थांबवले, कारण त्यांच्या आत सुटी हत्यारे आणि कचरा सापडला होता. आकडा गाठण्याची घाई असली की माणूस पाना आतच विसरतो. त्याला कुठले यंत्र पुरे पडणार?

२०२४ च्या शरद ऋतूत तेथील ३३,००० मशिनिस्टांनी पुन्हा संप केला आणि चार वर्षांत ३८ टक्के वाढ मिळवली. जुनी पेन्शन मात्र परत मिळाली नाही. पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे शब्द आवरत नाहीत, म्हणून तो इथेच सोडतो.

ज्या सभासदांची मुले, भाऊ, जावई ओझर, हैदराबाद, बंगळूर किंवा वडोदऱ्याला अशा कामावर आहेत, त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारून या विभागाकडे लिहून पाठवाव्यात. खंड पुढे जाताना राहिलेल्या कामाची यादी कोण करतो आणि तिच्यावर कामगाराची सही असते का? त्यांतले किती जण कायम आणि किती ठेकेदाराकडचे? आणि नकाशा व प्रत्यक्ष जुळले नाही तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? नावे छापली जाणार नाहीत.